पिवळा ठोकळा दिसेना : मंगल कार्यालयातल्या उजेडाचं प्रकरण

डिसेंबरातला शनिवार. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयात शाळांची रोबोटिक्स स्पर्धा भरली होती. आमच्या पाच मुलांचा रोबो पहिल्या फेरीत पिवळ्या ठोकळ्यासमोरून तीन वेळा गेला. ठोकळा वीतभर अंतरावर, अगदी तोंडासमोर. थांबणं तर राहूच दे, रोबोनं वेगसुद्धा कमी केला नाही. तांबडे ठोकळे त्यानं बिनचूक उचलले, हिरवे उचलले, पिवळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कडेला उभा असलेला आमचा प्रोग्रामिंगवाला मुलगा माझा हात घट्ट धरून म्हणाला, "सर, असं का करालंय हे? काल रात्री तर सगळं येत होतं की ओ!"

खरंच येत होतं. आदल्या रात्री साडेआठपर्यंत शाळेच्या लॅबमध्ये सराव चालला होता. ओळीनं वीस वेळा ठोकळे मांडले आणि वीसही वेळा रोबोनं तिन्ही रंग ओळखले. मुलं खुशीत घरी गेली होती.

मी या शाळेचा शिक्षक नाही. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं गुणवत्ता तपासणीचं काम करतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी या मुलांबरोबर बसतो. शाळेत केंद्र सरकारच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पाच जणांत दोन मुली, तीन मुलगे, सगळी नववीतली. दोघं वडगावातून येतात, तिघं खानापूर तालुक्यातल्या गावांतून एसटीनं. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर जिथे जिथे स्पर्धेला गेलो तिथे दुसऱ्या शाळांची मुलं नेमकी याच जागी अडखळताना बघितली. दर वेळी दोष बॅटरीला, मोटरला नाहीतर प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला लागतो.

आधी रोबोची गोष्ट. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याला जोडलेला बाजारात सहज मिळणारा यूएसबी वेबकॅम, दोन चाकं, पुढे एक चिमटा. आठ बाय चार फुटांच्या अरेनात तांबडे, हिरवे, पिवळे ठोकळे विखुरलेले असतात. रोबोनं ते शोधून ज्या त्या रंगाच्या खोक्यात टाकायचे. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र ओपनसीव्ही नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून जातं. तिथे प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे निघतात: रंग कुठला, तो किती गडद आणि किती उजळ. रंग एका वर्तुळावर मांडलेला असतो. वर्तुळाचे अंश ३६०, पण एका बाइटमध्ये २५५च्या पुढचा आकडा बसत नाही, म्हणून ओपनसीव्ही ते निम्मे करून ० ते १७९ असं मोजतं. तांबडा ०च्या आसपास, पिवळा ३०च्या जवळ, हिरवा ६०च्या जवळपास. तांबडा वर्तुळाच्या सांध्यावरच बसलेला असल्यामुळे त्याला दोन पट्टे द्यावे लागतात, एक ०च्या पुढचा आणि एक १७९च्या अलीकडचा. मुलांनी लॅबमध्ये पिवळ्यासाठी २२ ते ३४ असा पट्टा ठरवला होता. तिथे ठोकळ्याचा आकडा २७ ते २९ येत होता, म्हणजे दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडलेली.

पहिली फेरी सकाळी साडेदहाची. पिवळ्याचे गुण गेले. दुसऱ्या फेरीला अडीच तास होते. मुलांनी पायऱ्यांवर लॅपटॉप उघडला, दोन-चार आकडे बदलून बघितले आणि पिवळ्याचा पट्टा खाली ओढून १४ ते ३४ केला. पिवळा दिसायला लागला. टाळ्या पडल्या. मीही म्हणालो, बरं झालं. तिथे मी थांबवायला हवं होतं. कारखान्यात एखादा भाग गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, बसत नाही म्हणून कुणी गेजच घासून मोठा केला असता, तर मी त्याला जागेवर धरलं असतं.

दुपारच्या फेरीत रोबोनं पहिले दोन पिवळे ठोकळे उचलले. मग तो सरळ अरेनाच्या प्लायवुडच्या कडेकडे गेला आणि चिमटा उघडून तिथेच धडका देत राहिला. त्याला मागे घ्यायला पंच वाकले, तर त्यांच्या हाताच्या दिशेनं वळला. लोक हसले. आमची एक मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. माणसाच्या कातडीचा रंग याच वर्तुळावर साधारण ५ ते २०च्या टापूत येतो आणि प्लायवुडही तिथेच आसपास. ज्या क्षणी पट्टा १४पर्यंत खाली आला, त्या क्षणी रोबोच्या लेखी पंचांचा हात, लाकडी कड आणि पिवळा ठोकळा यांत फरक उरला नव्हता.

तिसरी फेरी पावणेपाचला. त्याआधी वीस मिनिटं लाईट गेली. कार्यालयाचा वायरमन "करंट होय्तु" म्हणत मागच्या बाजूला धावला, जनरेटर सुरू झाला, माईक आला, पंखे आले. छताजवळचे मोठे मेटल हॅलाइड दिवे मात्र काळेच राहिले. या दिव्याची आतली नळी तापलेली असली की तो लगेच पुन्हा पेटत नाही. आधी ती निवावी लागते, मग पेटल्यावर पूर्ण उजेडावर यायला आणखी काही मिनिटं. सगळं मिळून १० ते १५ मिनिटं सहज जातात. उशीर झाला म्हणून संयोजकांनी दिवे अर्धवट तापलेले असतानाच फेरी सुरू केली. आम्हा माणसांना पुरेसं दिसत होतं. डोळ्यांना अशा बदलाची सवय असते, ते न सांगता जुळवून घेतात. रोबो मात्र दारू प्यायल्यासारखा डुलत चालला. ठोकळ्याच्या डावीकडे जास्त जायचा, मग उजवीकडे जास्त. मुलांना वाटलं बॅटरी उतरली. नवी घातली. तसाच डुलला.

संध्याकाळी सामान रिक्षात चढवताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

सोमवारी लॅबमध्ये बसलो तेव्हा आमच्या हातात एक गोष्ट होती, तिच्यामुळेच या प्रकरणाचा छडा लागला. वडगावच्या मुलीनं स्वतःच्या डोक्यानं प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या होत्या: दर सेकंदाला एक चित्र मेमरी कार्डावर साठवायचं आणि प्रोग्रामचा प्रत्येक फेरा, म्हणजे एकेका चित्राचं काम, कधी पूर्ण झाला त्याची वेळ लिहायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिन्ही फेऱ्यांचा पुरावा कार्डावर होता.

पहिल्या फेरीतली चित्रं मोठी करून बघितली. पिवळ्या ठोकळ्यावर माउस नेला की आकडा १७, १८, कुठे १९. बऱ्याच वेळानं त्याच मुलीनं बोट ठेवलं ते ठोकळ्यावर नाही, अरेनाच्या पांढऱ्या पट्टीवर. "सर, ही पट्टी पांढरी होती ना? इथं गुलाबी दिसालीय."

पट्टी खरंच फिकट गुलाबी दिसत होती. मंगल कार्यालयाच्या छतात उजेडासाठी मधेमधे हिरवट फायबरचे पत्रे बसवलेले होते. अरेनावर अंथरलेल्या फ्लेक्सवरही जवळजवळ सगळीकडे हिरवी छपाई. वेबकॅममध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स नावाची सोय असते. ढोबळमानानं तिचा हिशोब असा, की समोरच्या चित्राची सगळी मिळून सरासरी करड्या रंगाची निघायला हवी. हिरवं जास्त दिसलं तर उजेडच हिरवा असणार, म्हणून हिरवं कमी करायचं. पत्र्यातून आलेला हिरवटपणा त्यानं काढला हे योग्यच झालं. पण फ्लेक्सवरची हिरवी शाईही त्यानं उजेडाच्याच खात्यात धरली आणि गरजेपेक्षा जास्त हिरवं काढून टाकलं. पांढरी पट्टी गुलाबी झाली ती त्यामुळे. पिवळा रंग तर कॅमेऱ्यासाठी तांबडा आणि हिरवा मिळूनच बनतो. त्यातला हिरवा कापला की उरतो नारिंगी. २८चा १८ झाला तो असा. आमच्या लॅबमध्ये जमिनीवर साधी करडी फरशी आहे, तिथे ही सरासरी आपोआप बरोबर यायची.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्याच फेरीत, त्याच ठोकळ्याचा आकडा दोन चित्रांत वेगवेगळा होता. रोबो फ्लेक्सकडे तोंड करून असताना १७, आणि वळून पांढऱ्या खोक्याकडे बघताना २३. उजेड बदललेला नव्हता, ठोकळाही तोच. दर सेकंदाला बदलत होता तो कॅमेरा. आम्ही ज्या टेपनं कापड मोजत होतो ती टेपच रबराची होती, आणि आम्ही तिच्यावरच्या खुणा पुनःपुन्हा खोडून नव्यानं मारत होतो.

आमच्या गेज रूममध्ये बाराही महिने २० अंश सेल्सियस तापमान ठेवतात, कारण मापनाचं प्रमाण तापमान जगभर तेच धरलं जातं. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला की ११ ते १२ मायक्रॉननं वाढतो, आणि काही भागांची अख्खी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारी तफावत, तेवढी असते. म्हणून माप घेण्याआधी भाग आणि गेज दोन्ही निवू देतात, मास्टर पीसवर, म्हणजे माप पक्कं ठाऊक असलेल्या तुकड्यावर, झिरो बघतात, मग मोजतात. हे मी रोज करतो. तरी मुलांना रंगांचे पट्टे ठरवायला बसवताना, "आधी कॅमेरा स्थिर आहे का?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तिसऱ्या फेरीतल्या डुलण्याचं कोडं वेळांच्या नोंदीत सुटलं. पहिल्या फेरीत सेकंदाला जवळपास ३० चित्रं येत होती. तिसऱ्या फेरीत ती १०-१२वर आली होती. उजेड कमी पडला की ऑटो एक्स्पोजर कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि बरेच वेबकॅम त्यासाठी चित्रांची संख्याच कमी करतात. रोबो चाकं वळवत होता ती आता दिसणाऱ्या ठोकळ्याकडे बघून नव्हे, मघाशी दिसलेल्या ठोकळ्याकडे. दुरुस्ती उशिरा पोचत होती, म्हणून ती दर वेळी जास्त होत होती. मोटर आणि बॅटरी अगदी ठणठणीत होत्या. बॅटरी बदलणाऱ्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून मला त्या शनिवारचं जास्तच वाईट वाटलं. दोन दिवस तो स्वतःला दोष देत होता.

याच सुमारास मुलीनं घरी आजीला सगळं सांगितलं. वडगाव-शहापूरकडे अजून घरोघरी माग आहेत, यांच्याही घरी आहेत. आजी म्हणाली म्हणे, "दिव्याखाली रंग बघून सूत घेणाऱ्याची फसगतच होणार. रंग दारात बघायचा." दुसऱ्या दिवशी मुलगी दोन रिळं घेऊन आली. लॅबच्या एलईडी ट्यूबखाली दोन्ही जांभळी, जुळी वाटावीत अशी. व्हरांड्यात नेली तर एक सरळ तपकिरीकडे झुकलेलं. साडीच्या दुकानात बायका पदर धरून दारापर्यंत का येतात, याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला देता आलं नसतं. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा उजेड भरपूर आणि गडद तांबडा थोडका असतो. तो जिथे तोकडा, तिथे वस्तूनं परत तरी काय पाठवायचं? मुलांना त्या दिवशी पटलं, की लॅबमध्ये ठरवलेला आकडा हा ठोकळ्याचा गुण नाही. तो ठोकळा, दिवा आणि कॅमेरा या तिघांचा मिळून आहे.

मग दुरुस्तीला हात घातला. क्रम महत्त्वाचा होता, म्हणून त्याच क्रमानं सांगतो.

पहिलं काम, कॅमेऱ्याचं स्वतःचं डोकं बंद करणं. रोबोच्या संगणकावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीत व्ही४एल२-सीटीएल नावाची आज्ञा आहे, तिनं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद करता येतात. आधी ऑटो बंद करावं लागतं, मगच हातानं दिलेला आकडा कॅमेरा मानतो. उलटं केलं तर आज्ञा गेली असं वाटतं आणि आत काहीच बदललेलं नसतं. आमची एक संध्याकाळ यातच गेली. दुसरी संध्याकाळ गेली ती केबल काढून पुन्हा लावली की कॅमेरा सगळं विसरतो हे कळायला. आता रोबो सुरू झाला की प्रोग्राम स्वतःच सगळ्या सेटिंग्ज देतो, परत वाचून बघतो आणि जुळल्या नाहीत तर चालायलाच नकार देतो. हे शेवटचं माझ्या आग्रहावरून. तपासणीत नापास झालेलं उपकरण वापरात जाता कामा नये.

एक्स्पोजर किती ठेवायचं? इथे आपल्या विजेचा संबंध येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण शटर २-३ मिलिसेकंदच उघडं ठेवलं, तर एखादं चित्र उजळ येतं, एखादं काळवंडलेलं, आणि बऱ्याचदा एकाच चित्रात आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. शटर बरोबर १० मिलिसेकंद उघडं राहिलं तर दर वेळी एक पूर्ण चढउतार आत येतो आणि पट्टे जातात. या आज्ञेत एक्स्पोजरचं एकक १०० मायक्रोसेकंदांचं आहे, म्हणून आकडा १०० द्यायचा. २० मिलिसेकंदही चाललं असतं, पण वळताना चित्र फासटतं. हिशोब मुलांनीच केला: रोबो सेकंदाला ९० अंश वळतो आणि कॅमेऱ्याचा ६० अंशांचा पट्टा ६४० पिक्सेलांत मावतो. पूर्वी शटर ३३ मिलिसेकंद उघडं असायचं तेव्हा ठोकळा ३२ पिक्सेल फासटायचा. १० मिलिसेकंदांत १०च्या आत राहतो.

कॅमेरा स्थिर झाला, पण चित्र अंधारं आलं. गेन, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्यानं आतल्या आत मोठा करायचं प्रमाण, वाढवला तर दाणे दाणे दिसायला लागले आणि दाण्यांचे रंगही भलतेच. म्हणून दुसरं काम: रोबोनं स्वतःचा उजेड घेऊन जायचा. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या एलईडीची बोटभर पट्टी, वर बटर पेपर, म्हणजे उजेड पसरट पडतो. पट्टी थेट बॅटरीच्या स्थिर व्होल्टेजवर जोडली. मंद करायला आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची चालू-बंद होणारी पिन वापरली असती, तर पुन्हा तोच लुकलुकाट आला असता. अंतर दुप्पट झालं की असा उजेड चौथा हिस्साच उरतो, त्यामुळे मीटरभर लांब त्याचा काही उपयोग नाही. पण २५ सेंटिमीटरच्या आत छतावरच्या दिव्यापेक्षा आपलाच दिवा जास्त बोलतो. म्हणून प्रोग्रामचे दोन भाग केले. लांबून फक्त "तिकडे काहीतरी रंगीत आहे" एवढंच ठरवायचं, सैल पट्ट्यानं. जवळ गेल्यावर थांबून, स्वतःच्या उजेडात, घट्ट पट्ट्यानं रंग पक्का करायचा आणि मगच चिमटा मिटायचा.

तिसरं काम पाच मिनिटांचं होतं आणि ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. चित्राचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाकला. ठोकळे जमिनीवर असतात. पडदे, शर्ट, पंचांचे हात, प्रेक्षकांच्या टोप्या हे सगळं वरच्या भागात. कॅमेऱ्यावर काळ्या कार्डशीटची टोपीही बसवली, त्यामुळे छतावरचे दिवे थेट भिंगात येईनासे झाले.

चौथी गोष्ट माझ्या धंद्यातून आली. चिमट्याच्या टोकावर, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात कायम दिसेल अशी, खरबरीत पांढऱ्या ड्रॉइंग पेपरची टिकली चिकटवली. हा आमचा मास्टर पीस. लॅबमध्ये तिचे तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २००च्या आसपास येतील अशी बेतानं मांडणी केली. २५५ला जाऊन टेकले तर किती जास्त झालं हे कळायची सोय राहत नाही. आता प्रत्येक चित्रात प्रोग्राम आधी टिकली बघतो. तिचा हिरवा १८० झाला असेल तर सगळ्या चित्राचा हिरवा त्या प्रमाणात वाढवतो, मगच ठोकळे शोधतो. कॅमेऱ्याचं ऑटो अख्ख्या चित्राची सरासरी धरून अंदाज बांधायचं. टिकली पांढरीच आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

हे सगळं अंगवळणी पडायला जानेवारी गेला. मुलांनी एक वही केली. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच. खिडकीजवळ, कोपऱ्यात, ट्यूबखाली. तिन्ही ठोकळे आणि टिकली यांचे आकडे. पानंच्या पानं भरली. आळस केला नाही याचं मला फार कौतुक आहे.

फेब्रुवारीत निप्पाणीच्या बाजूला दुसरी स्पर्धा होती, मैदानात मांडव घालून. मांडवाचं कापड तांबडं-पिवळं. आत शिरल्यावर सगळ्यांचे चेहरे केशरी दिसत होते. ज्या मुलानं डिसेंबरात बॅटरी बदलली होती, तो माझ्याकडे बघून नुसता हसला आणि वही काढून बसला. टिकलीचा तांबडा २३०, निळा ९० च्या आतबाहेर. टिकलीनं बरंच सावरलं, पण निळा इतका कमी होता की तो वाढवताना दाणेही वाढत होते आणि पिवळा ठोकळा व पांढरी पट्टी यांतला फरक पातळ झाला होता. मुलांनी कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सचा ठरीव आकडाच खाली आणला, म्हणजे केशरी उजेडाच्या जवळ नेला, तो तिथेच पुन्हा कुलूपबंद केला आणि ठोकळे अरेनात तीन ठिकाणी ठेवून नव्यानं मापं घेतली. सात मिनिटांत झालं. तीन फेऱ्यांत मिळून एकच पिवळा ठोकळा सुटला. अठरा संघांत चौथे आलो.

ती सात मिनिटं कुठून आली हे सांगायलाच हवं. फेरीआधी अरेनावर मोजणीसाठी वेळ द्या, असं आम्ही संयोजकांना आदल्या आठवड्यात कळवलं होतं. त्यांनी ते मानलं आणि प्रत्येक संघाला दहा मिनिटं दिली. डिसेंबरात असा वेळ कुणालाच नव्हता. ज्या शाळेची मुलं त्या हॉलमध्ये आधी येऊन सराव करू शकली त्यांचे आकडे त्या उजेडातलेच होते. पहाटेची एसटी पकडून आलेल्या पोरांचे आकडे लांबच्या लॅबमधल्या ट्यूबचे. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: अरेनावर चकचकीत फ्लेक्सऐवजी मॅट छपाई घ्या, कारण चकाकीत कुठलाही रंग पांढराच दिसतो, फेऱ्यांच्या वेळेला ऊन कुठून येतं ते आदल्या दिवशी बघून पडदे बांधा, लाईट गेली तर दिवे पूर्ण तापेपर्यंत थांबा, आणि दहा मिनिटं द्या. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही.

मुलांनी मला विचारलं होतं, की रंगाची एवढी भानगड आहे तर रंग कशाला वापरायचा? प्रश्न बरोबर आहे. मिशिगन विद्यापीठातून आलेले एप्रिलटॅग नावाचे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे ठसे आता मोठ्या स्पर्धांत मैदानावर लावलेले असतात. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेनं ते २०२३च्या हंगामात आणले. काळं आणि पांढरं यांतला फरक बहुतेक उजेडात टिकतो, म्हणून त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. आम्ही खोक्यांवर असे ठसे लावून बघितले, छान चालतात. पण ठोकळे संयोजकांचे, ते रंगीतच येणार.

निप्पाणीत सुटलेला तो एक ठोकळा अजून डोक्यात आहे. मांडवाच्या दोन कापडांमधल्या फटीतून उन्हाची वीतभर तिरीप अरेनावर पडली होती आणि ठोकळा नेमका अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. थेट ऊन म्हणजे सुमारे १ लाख लक्स, वर्गातला उजेड ३०० ते ५०० लक्स. मांडवातली सावली या दोन्हींच्या मधली कुठेतरी, पण उन्हाच्या खूप खाली. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. सावलीपुरतं ठेवलं की उन्हातला भाग पांढराफटक होतो. आमचा छोटा दिवा त्या तिरिपीपुढे काहीच नाही, टिकली सावलीत होती म्हणून तिलाही पत्ता नाही. वडगावच्या मुलीनं सुचवलंय, की पांढराफटक डाग दिसला तर रोबोनं थांबून १० ऐवजी १ मिलिसेकंदाचं दुसरं चित्र घ्यायचं. उन्हाला विजेचा लुकलुकाट नसतो, त्यामुळे इतकं कमी चालतं. करून बघितलं, रंग ओळखतो. अडचण एवढीच, की एक्स्पोजर बदलल्यावर कॅमेऱ्याची पुढची काही चित्रं जुन्याच सेटिंगची येतात, म्हणून अर्धा सेकंद नुसतं उभं राहावं लागतं. अडीच मिनिटांच्या फेरीत असे किती थांबे परवडतात, ते सुट्टीनंतर शाळा उघडली की मोजणार आहोत.